पोरीची खुर्ची तयार आहे, पण विमानात कशी जाईल?

इचलकरंजीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीला पुण्याहून दिल्लीला नेताना विमानाच्या दारापासून सीटपर्यंत एका अरुंद खुर्चीवर पट्ट्यांनी बांधून नेलं. ते पाहून मुलीने प्रोजेक्टसाठी घडीची, हलकी खुर्ची केली. आता एक सल्लागार दीड लाखात ‘डीजीसीएचं’, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, ‘सर्टिफिकेट’ काढून देतो म्हणतो. पैसे भरावेत का, आणि यात पोरीचं करिअर होईल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार,

पैसे भरू नका. कॉलेजात केलेल्या नमुन्यावर कुणी शिक्का मारून देतं आणि मग तो विमानात चढतो, असं या क्षेत्रात होत नाही. मान्यता मिळते ती आराखडा, चाचण्यांचे अहवाल आणि त्या सगळ्याची जबाबदारी घेणारी संस्था पाहून. डीजीसीएच्या नियमांत या विषयाचे दोन वेगळे कप्पे आहेत. दिव्यांग प्रवाशाला कशी सेवा द्यायची, हे सीएआर (डीजीसीएची नियमावली) विभाग 3, मालिका एम, भाग 1 मध्ये आहे. विमान आणि त्यातल्या वस्तूंचं प्रमाणन सीएआर-21 मध्ये. सल्लागाराने तुम्हाला कोणता कप्पा दाखवला, तेवढं एकदा विचारा; त्याच्या उत्तरावरून अंदाज येईल.

आता करिअरबद्दल. पत्रात तुम्ही खुर्चीबद्दल भरभरून लिहिलंत, पण मला या क्षेत्रातली खरी नोकरी दिसते ती खुर्ची सुचण्यापेक्षा ती सुरक्षित आहे हे सिद्ध करण्यात. हे काम करणाऱ्याला सर्टिफिकेशन इंजिनिअर म्हणतात. हुशार कल्पना घेऊन येणारी मुलं भरपूर भेटतात. नियमाचं कलम वाचून ‘हे मी कसं सिद्ध करणार’ असं स्वतःला विचारणारी फार कमी.

आजींची खुर्ची इतकी अरुंद का होती, इथूनच बघा. मोठ्या विमानांसाठीच्या अमेरिकी नियमांच्या भाग 25 नुसार वीस किंवा जास्त आसनांच्या विमानात सीटच्या रांगांमधली वाट खालच्या बाजूला किमान 15 इंच आणि जमिनीपासून 25 इंचांच्या वर किमान 20 इंच हवी. एवढीच वाट ठेवलेल्या विमानात घरची चाकाची खुर्ची शिरणारच नाही. तुमच्या मुलीने खुर्चीची रुंदी ठरवताना हे आकडे पाहिले होते का? पाहिले असतील तर ती माझ्या अपेक्षेपेक्षा पुढे आहे.

पुढची गोष्ट वजनाची. उड्डाण करताना आणि उतरताना ही खुर्ची रिकामी, घडी करून ठेवलेली असते. म्हणून ती ठेवायची जागा आणि तिला धरून ठेवणारी पट्टी-कडी आपत्कालीन लँडिंगमध्ये पुढच्या दिशेला 9 जी, म्हणजे वजनाच्या नऊपट, जोर सोसेल, हे दाखवावं लागतं. खुर्ची 10 किलोची असेल तर तेव्हा तिची ओढ 90 किलोच्या ओझ्याइतकी होते. ती सुटली तर समोरच्या माणसाच्या डोक्यावर जाते.

प्रवासी बसलेल्या सीटची परीक्षा याहून कडक. ती सीट माणसाच्या आकाराच्या पुतळ्यासकट स्लेडवर, म्हणजे वेगाने ढकलायच्या चाचणीच्या गाडीवर बसवतात, ताशी सुमारे 48 किलोमीटर वेगाच्या बदलासह पुढच्या दिशेला 16 जीचा धक्का देतात, शिवाय दुसऱ्या चाचणीत खालच्या दिशेने 14 जी. पुढच्या दिशेच्या धक्क्याच्या चाचणीत सीट ज्या रुळांवर बसते तेसुद्धा आधी मुद्दाम वाकवतात, कारण अपघातात जमीन सपाट राहत नाही. डोक्याला किती मार बसला, कण्यावर किती दाब आला, हे मोजतात. आणि चाचणीआधी निरीक्षक नमुना आराखड्याशी ताडून पाहतो. एक स्क्रू जरी वेगळा असला तरी त्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं, नाहीतर त्या चाचणीला अर्थ उरत नाही. ‘वर्कशॉपमध्ये तो स्क्रू मिळाला नाही, म्हणून दुसरा लावला’ ही सवय तिने आजपासूनच मोडलेली बरी.

कापडाचं तर तुमच्या गावाला वेगळं सांगायला नको, पण विमानाच्या सीटचं कापड उभं धरून त्याला 12 सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर सरासरी 15 सेकंदांच्या आत ते विझलं पाहिजे आणि 8 इंचांहून जास्त जळता कामा नये. स्वस्त, सुंदर, टिकाऊ कापड इथेच बाद होतं.

क्षेत्र हळू चालतं, हे मात्र आधीच सांगतो. अमेरिकी परिवहन खात्याने 2023 मध्ये नियम केला की 125 किंवा जास्त आसनांच्या, मधे एकच वाट असलेल्या नव्या विमानांत दिव्यांग प्रवासी मदतनिसासह मावेल असं एक तरी स्वच्छतागृह हवं. तो लागू होणार 2033 नंतर मागणी नोंदवलेल्या किंवा 2035 नंतर मिळणाऱ्या विमानांना. प्रवाशाने आपल्याच, विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीत बसून प्रवास करावा, या कल्पनेवरही काम चाललं आहे. 2021 च्या एका अमेरिकी अभ्यासाला त्यात न सुटणारी तांत्रिक अडचण दिसली नाही. तुमची मुलगी तिशीच्या आसपास येईल तेव्हा हे काम भरात असेल. मला हा काळ तिच्या सोयीचा वाटतो.

डिप्लोमानंतर तिने इंजिनिअरिंग पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घ्यावा. शाखा मेकॅनिकलच ठेवली तरी चालेल, एरोनॉटिकलचा हट्ट नको. एएमईचा (विमान देखभाल अभियंत्याचा) कोर्स कुणी सुचवला तर लक्षात ठेवा, तो विमानांच्या देखभालीच्या परवान्यासाठी आहे, डिझाइनसाठी नाही. स्ट्रेस अ‍ॅनालिसिस (भागांवर येणाऱ्या ताणाचं गणित) आणि क्रॅश सिम्युलेशन (अपघाताची संगणकावरची नक्कल) नीट शिकावं. नोकरी शोधताना ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या नावाने जागा क्वचितच दिसतील. ‘केबिन इंटिरिअर्स’, ‘सीट स्ट्रेस’, ‘सर्टिफिकेशन’ असे शब्द टाकून शोधावं. हे काम बेंगळुरू आणि हैदराबादकडे जास्त आहे, तेव्हा पोरीला घराबाहेर पाठवायची तयारी ठेवा.

परीक्षेआधी तिने दोन कामं करावीत. खुर्ची घेऊन रोज चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माणसांकडे जावं आणि खुर्चीतून सीटवर सरकताना कुठे टोचतं, कुठे तोल जातो, ते त्यांच्याकडून ऐकावं. आजी एकट्या पुरेशा नाहीत. आणि प्रोजेक्टच्या अहवालात शेवटी एक तक्ता जोडावा: डावीकडे नियमाचं कलम, मधे ते सिद्ध करायची पद्धत, म्हणजे गणित, चाचणी की तपासणी, आणि उजवीकडे निकाल. उजवीकडचे बरेच रकाने रिकामे राहतील. राहू द्यावेत, खोटे भरू नयेत. मुलाखतीत मी समोर असतो तर खुर्चीच्या फोटोआधी तो तक्ता मागितला असता.