फाइलीत सगळं होतं, एक पान नव्हतं

‘मॅडम, पीएच.डी. झाली, आता नोकरीचं काय?’ मी समुपदेशक. जून आला की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे वाढतात. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या मुलाखती त्याच सुमाराला असतात ना!

त्यातलाच हा एक. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वय 34, विषय रसायनशास्त्र, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण, सीएचबीचं पाचवं वर्ष. पहिल्या तीन भेटींत त्याने फक्त हिशेब मांडला. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत काहीच नाही. त्यात घरचे विचारणार, ‘डॉक्टर झालास ना, मग?’ एक तक्रार तर अगदी रास्त होती. 2018च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची होणार होती, म्हणून त्याने ती जिवाच्या आकांताने संपवली. मग सक्ती लांबली आणि जुलै 2023पासून ती अटच गेली. आता नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता. सहयोगी प्राध्यापकाला मात्र पीएच.डी. लागतेच.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, “फाइल उघडा.” प्रमाणपत्रं, लॅमिनेट केलेली, तारखेनुसार लावलेली. कोपरे हाताळून पांढरे पडलेले.

“यात तुमचं काम कुठंय?”

“ते थिसिसमध्ये आहे.”

“मी बारावीनंतर रसायनशास्त्र सोडलं. मला पाच मिनिटांत सांगा.”

तो चाचरत सुरू झाला. औषधं बनवताना कार्बनला कार्बन जोडायला पॅलेडियम हा धातू वापरतात, तो महाग. तेच काम निकेलकडून करून घ्यायचं आणि गाळून ते पुन्हा वापरायचं. टेबलावरचा माझा चहाचा ग्लास कधी फ्लास्क झाला, त्यालाही कळलं नाही. वीस मिनिटं झाली. सीएचबी हा शब्द एकदाही आला नाही.

मग थांबून म्हणाला, “हे मी कुणाला असं सांगितलंच नव्हतं.”

“का?”

“नोकरी लागल्यावर सांगायचं ठरवलं होतं.”

मी काही बोलले नाही. वीस वर्षांच्या कामात अशा वेळी गप्प राहायला शिकले आहे. ‘असं झालंच पाहिजे’ या हट्टातून त्रास वाढतो, असं सांगणाऱ्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी मी, त्यामुळे माझे कान ‘लागलीच पाहिजे’ मधल्या ‘च’वर असतात. इथे ‘च’ आणखी खोल दडला होता: आधी पद, मगच मी संशोधक. म्हणून आयसरसारख्या विज्ञान संशोधन संस्थांच्या जाहिराती तो वाचायचा आणि अर्ज करायचा नाही. तिथे संशोधन आराखडा मागतात, आणि तो लिहायचा तर आधीच स्वतःला संशोधक म्हणावं लागतं.

पुढचं काम सरळ होतं. एका पानात आपलं संशोधन, एका पानात पुढची योजना. ज्या तिघांना आपलं काम ठाऊक आहे, त्यांना शिफारसपत्राबद्दल आधीच कळवायचं. अनुदानित महाविद्यालयांच्या जाहिरातींत आपल्या प्रवर्गाचं पद आहे का, ते आधी पाहायचं. आणि वयाचं कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवायचं: राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल (म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) फेलोशिपला वयोमर्यादा 35 (महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षं सवलत), युरोपातल्या मारी क्युरी फेलोशिपला पीएच.डी.नंतर आठ वर्षांची मुदत. माझ्याकडे येणारे बरेच जण हे वय उलटल्यावर येतात, याची मला चुटपुट लागते.

ते एक पान लिहायला त्याला सात आठवडे लागले. सीएचबी अजून सुटलेली नाही. परवा मेसेज आला, ‘पोस्टडॉकची मुलाखत गुरुवारी, ऑनलाइन. फाइल जवळ ठेवू का?’

ठेवा म्हटलं, बंद करून.