पैसा नाही, पण भूत आहे

प्रश्न : तुम्ही मागच्या अंकात ‘वन कट ऑफ द डेड’ हा जपानी सिनेमा सुचवलात. आम्ही नवरा-बायकोने अर्ध्या तासात बंद केला. इतका भिकार अभिनय शाळेच्या गॅदरिंगलाही चालणार नाही. मध्येच सगळे गप्प उभे राहतात, कॅमेरा धडपडतो. यात बघण्यासारखं काय आहे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, आणखी सात मिनिटं दम धरायला हवा होता! पहिली सदतीस मिनिटं एका सलग शॉटमध्ये आहेत आणि ती तुम्ही म्हणता तशीच आहेत, तंतोतंत. पात्रं गप्प का उभी राहतात, कॅमेरा का धडपडतो, या प्रत्येक ‘का’चं उत्तर पुढे मिळतं आणि तेव्हा हसून पोट दुखतं. यापुढे एक अक्षर सांगणार नाही.

इतर माहिती मात्र देते. दिग्दर्शक शिनइचिरो उएदा. टोकियोतल्या एका नाट्य-चित्रपट शिक्षणसंस्थेच्या कार्यशाळेतून हा सिनेमा निघाला, त्यामुळे पडद्यावर एकही नावाजलेला चेहरा नाही. खर्च सुमारे ३० लाख येन, म्हणजे तेव्हाचे सतरा-अठरा लाख रुपये. जागा कुठली, तर मितो शहरातलं एक बंद पडलेलं जलशुद्धीकरण केंद्र. २०१८ साली टोकियोतल्या दोन थिएटरांत लागला आणि तोंडोतोंडी पसरत जपानभर गेला. गल्ला ३०० कोटी येनच्या वर. परत लावा, आणि या वेळी रिमोट सासूबाईंच्या हातात द्या.

प्रश्न : आम्ही पाच मित्र. एक बरा फोन आहे, आजोबांचा रिकामा वाडा आहे, वर्गणी काढून वीसेक हजार जमतील. भुताचा सिनेमा करायचाय. व्हीएफएक्ससाठी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या दृश्य-करामतींसाठी, कुठलं ॲप घेऊ? – एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : ॲपचं मागाहून बघू. आधी ‘बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स’ बघ. २०२० चा, क्योटोतल्या ‘युरोप किकाकू’ या नाटकमंडळीचा, दिग्दर्शक जुन्ता यामागुची. फोनवर काढलेला, सत्तर मिनिटांचा. कॅफेचा मालक काम संपवून वरच्या खोलीत येतो, तर तिथल्या कॉम्प्युटरवर तो स्वतःच! खालच्या कॅफेतून सांगतोय, ‘मी दोन मिनिटं पुढचा तू.’ हा धावत जिना उतरतो आणि खालच्या टीव्हीसमोर उभा राहून तेच वाक्य वरच्या स्वतःला सांगतो.

आता यातली मेहनत बघ. पडद्यावर जे बोलून झालंय, तेच नटाला दोन मिनिटांनी त्याच लयीत, त्याच हातवाऱ्यांसकट करायचंय. मधल्या वेळेत जिना चढायचा-उतरायचा, चालू प्रसंगातले संवादही म्हणायचे. एकाची जीभ अडखळली की सगळ्यांनी पहिल्यापासून. इथे खर्च होतो तो तालमीचा. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेला उतरलेल्या पोरांना हे नवीन नाही.

तुमचा वाडाही असाच वापरा. आधी गोष्ट लिहून मग वाड्यात कोंबू नका. कुठली फळी वाजते, कुठल्या खोलीला दोन दारं आहेत, माडीवरून अंगण कितपत दिसतं, ते बघून गोष्ट रचा.

वीस हजारांतले निम्मे आवाजावर घाला. मालिकांचे आवाज मिसळण्यात माझे केस पांढरे झाले, म्हणून हक्काने सांगते : अंधुक चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारा संवाद नाही. कॉलर माइक भाड्याने आणा. टेकच्या आधी फ्रिज आणि पंखे बंद. आणि प्रत्येक खोलीतली नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा, सगळ्यांनी श्वास धरून. ही ‘रूम टोन’ संवादांच्या फटींत भरली नाही, तर प्रत्येक कट कानाला टोचतो. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) मधली चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. रात्री तंबूबाहेर लहान मुलांचे आवाज येतात, बस. तेवढ्यावर त्या सिनेमाने जगभरात जवळजवळ २५ कोटी डॉलर कमावले. ॲप राहू दे.

प्रश्न : ‘प्रायमर’ दोनदा पाहिला. कळला नाही. – एक अभियंता, पुणे

उत्तर : तिसऱ्यांदाही पुरता कळणार नाही. दिग्दर्शक शेन कॅरुथ स्वतः इंजिनिअर, आणि त्याने प्रेक्षकाला काहीही समजावून सांगायचं नाही असं ठरवलंय. ७,००० डॉलरमध्ये केलेल्या या सिनेमाला २००४ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मला त्यातलं कालयंत्र आवडतं : भाड्याच्या गोदामातलं एक ओबडधोबड खोकं. त्यात तासन्‌तास पडून राहायचं, तेव्हा कुठे तेवढेच तास मागे जाता येतं. डोकं शिणलं असेल तर ‘कोहेरन्स’ (२०१३) बघा. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत काढलाय. नटांच्या हातात पटकथा नव्हती. रोज प्रत्येकाला फक्त स्वतःपुरती चिठ्ठी, दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे याचा पत्ता नाही. चेहऱ्यांवरचा गोंधळ खरा आहे.

प्रश्न : सगळी कौतुकं परदेशाची. आपल्याकडे काहीच नाही का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आहे की. भुताचे सिनेमे काढणारे रामसे बंधू! वडिलांचं लॅमिंग्टन रोडला रेडिओचं दुकान. त्यांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) आपटला, पण भयानक मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरच्या चोरीच्या प्रसंगाला पब्लिक दचकतं, हे पोरांनी थिएटरात बसून हेरलं. मग १९७२ मध्ये महाबळेश्वरला जाऊन ‘दो गज जमीन के नीचे’ केला. तुलसी-श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला. घरातलंच युनिट, बाहेरच्याला पगार कमीत कमी. पटकथा ढिसाळ असायच्या, त्यांची भलामण मी करणार नाही, पण दार करकरण्याची वेळ त्यांना अचूक साधायची.

आणि मालेगाव कसं विसरता? व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने तिथे स्वतःचा ‘शोले’ केला तेव्हा कॅमेऱ्याची क्रेन म्हणून बैलगाडी वापरली. पुढे यंत्रमागावर काम करणाऱ्या एका काटकुळ्या तरुणाला सुपरमॅन करून उडवलं. त्या खटाटोपावरचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट मिळाला तर सोडू नका.

प्रश्न : जुन्या सिनेमांत रक्त म्हणून चॉकलेट वापरायचे, हे खरं का? आम्हाला नाटकासाठी हवंय. – एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : खरं आहे. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) मध्ये चॉकलेट सिरपच आहे, पण तो सिनेमा कृष्णधवल. तुमच्या रंगमंचावर ते चॉकलेटच दिसेल. साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, थेंबभर निळा आणि गढूळपणासाठी चिमूटभर कोको एवढं पुरे. प्रयोगाच्या दिवशीच करा, मुंग्या लागतात. कपडेपट भाड्याचा असेल तर आधी त्याच कापडाच्या चिंधीवर डाग पाडून, धुऊन बघा.