मेल तुम्ही नका लिहू, तिला लिहू दे

(गोव्यातल्या डिचोलीच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली, वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोल ट्रेनीचा इंटरव्ह्यू दिला, 3 आठवडे झाले तरी उत्तर नाही. रिप्लाय मागायला इंग्लिशमध्ये नम्र मेलचा फॉरमॅट द्या म्हणतात. आधी पाठवलेले मेलही जोडलेत.)

नमस्कार,
तुमची धडपड कळते, पण ते मेल वाचून मला दुसरीच काळजी लागली. सगळे तुम्ही लिहिलेत, तिच्या अकाउंटवरून, खाली तिचं नाव घालून, आणि वर तुम्हीच सांगता की तिला माहीत नाही, कळलं तर चिडेल. अर्जात मोबाइल नंबरसुद्धा तुमचाच. उद्या एचआरच्या मॅडमनी फोन करून मेलबद्दल विचारलं तर ती काय सांगणार हो? लॅबमध्ये ब्युरेटच्या काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडत रंग बदलायची वाट बघणारी मुलगी ती, तिला 4 ओळी लिहायला जमणार नाहीत असं कशावरून ठरवलंत? आणि औषधं तपासायच्या ज्या खात्यात तिला पाठवायला निघालात तिथे ज्याने टेस्ट केली त्यानेच नोंद करायची आणि सही करायची हा पहिला नियम, दुसऱ्याच्या नावाने सही म्हणजे गंभीर गुन्हा समजतात. सुरुवातच अशी नको.

आता नम्रपणाचं. काइंडली, हम्बली, रिस्पेक्टेड सर असं जितकं जास्त भरू तितका मेल नम्र, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज. 'काइंडली रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट' हा वाचणाऱ्याला हुकूमच वाटतो, काइंडली लावलं म्हणून काय झालं. दर दोन दिवसांनी 'अर्जंट' लिहून पाठवला तर विचारायलाच नको. समोरच्याला उत्तर द्यायला सोपं जाईल असं लिहिणं हाच खरा नम्रपणा: कुठली पोस्ट, इंटरव्ह्यू कधी झाला, आणि सरळ एक प्रश्न. 'आय अटेंडेड द इंटरव्ह्यू फॉर द क्वालिटी कंट्रोल ट्रेनी पोस्ट', पुढे तारीख, मग 'कुड यू प्लीज लेट मी नो व्हेन आय कॅन एक्स्पेक्ट अ डिसिजन?', थँक यू, नाव, तिचा स्वतःचा नंबर. बस. शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' घातलं तर चालेल, तिथे बरेच जण 'टू हिअर' लिहितात, ते चूक. नवीन मेल काढू नये, इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं त्याच मेलला रिप्लाय करावा म्हणजे त्यांना शोधत बसावं लागत नाही.

पण हा मेलसुद्धा आत्ता नको. तुमचे इतके मेल गेलेत, वर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आहे, सुट्ट्यांत कोण बघणार. चवथ झाली की आठवड्याने एकदाच, तोही तिने लिहिलेला. तरीही उत्तर आलं नाही तर ती जागा सोडून द्यायची आणि दुसरीकडे अर्ज करायचे. एमएस्सी, बीएड, कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा हे रस्ते तुम्हाला माहीत आहेतच.

तुमच्या एवढ्या लांब पत्रात तिला लॅबमध्ये काम करायचंय की नाही याची एक ओळ नाही. आज रात्री जेवताना तिला ते विचारा, आधी मेलचं सगळं सांगून टाका, आणि पासवर्ड तिला बदलू दे. चिडेल, चिडू दे. तिला वाटलं तर मला तिने स्वतः लिहावं, मराठीत लिहिलं तरी चालेल.