गाडी कुणाची, झोन कुठला? वादळाआधी ठरवायच्या गोष्टी

प्रश्न: ताई, मी अकोल्याची. ऑगस्टमध्ये एमएससाठी फ्लोरिडात टॅम्पाला आले. आम्ही चौघी कॅम्पसबाहेर तळमजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, गाडी कुणाकडेच नाही. ओरिएंटेशनमध्ये हरिकेन सीझनबद्दल, म्हणजे चक्रीवादळांच्या मोसमाबद्दल, सांगितलं होतं पण तेव्हा जेट लॅग एवढा होता की डोक्यात काही शिरलंच नाही. सीनियर्स म्हणतात टेन्शन घेऊ नको, पाणी आणि मॅगी भरून ठेव. खरंच एवढंच करायचं? आणि दुसऱ्या गावी जावं लागलं, क्लास बुडाले किंवा ऑनलाइन झाले तर एफ-१ ला, म्हणजे स्टुडंट व्हिसाला, काही प्रॉब्लेम येतो का?

उत्तर: अगं, मॅगी शिजवणार कशावर? तुमच्या अपार्टमेंटमध्ये बहुतेक इलेक्ट्रिक शेगडी असणार, लाइट गेली की ती पण गेली. म्हणून खाण्याचं नंतर बोलू, आधी दुसरं काम कर. आज रात्रीच काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, वेबसाइटवर स्वतःचा पत्ता टाकून तुमची बिल्डिंग कुठल्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये, म्हणजे वादळाआधी रिकामा करायच्या भागात, येते ते बघ. ए झोन म्हणजे समुद्राचं पाणी सगळ्यात आधी तिथे चढणार, तो सगळ्यात आधी रिकामा करायला सांगतात. झोन ए किंवा बी असेल आणि तुम्ही तळमजल्यावर, तर ऑर्डर आली की निघायचं, त्यात चर्चा नको. झोनमध्ये येतच नसाल आणि बिल्डिंग पक्की असेल तर घरात थांबणंसुद्धा बरोबर असू शकतं. इथे म्हणतात पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा, ते अगदी खरंय.

कॅटेगरीच्या आकड्यावर जाऊ नकोस हे मी पोटतिडकीनं सांगतेय, तो १ ते ५ चा आकडा फक्त वाऱ्याच्या वेगावरून देतात. मी ह्यूस्टनची, २०१७ ला हार्वे वादळ आलं तेव्हा आमच्यापर्यंत येताना त्याचा वारा हरिकेनचा राहिलाच नव्हता, पण पाऊस चार दिवस थांबला नाही आणि आमच्या कॉलनीतली माणसं बोटीतून काढावी लागली. २०२४ च्या जुलैमध्ये बेरिल आलं ते फक्त कॅटेगरी १, तरी २० लाखांहून जास्त कनेक्शन बंद पडली, कित्येकांकडे आठवडाभर लाइट नव्हती आणि उकाडा असा की घरात बसवेना. आणि तुमच्याकडचंच बघ ना, त्याच वर्षी २६ सप्टेंबरला हेलीन पार वर बिग बेंडला किनाऱ्यावर आलं, टॅम्पापासून कितीतरी लांब, तरी टॅम्पा बेच्या घरांमध्ये समुद्र शिरला. टीव्हीवर जो कोन दाखवतात तो वादळाचं केंद्र कुठून जाईल त्याचा अंदाज असतो, पाणी कुठवर येईल त्याचा नाही, त्यामुळे आपण कोनाच्या बाहेर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका.

वेळ किती मिळतो? मिल्टन वादळाला ५ ऑक्टोबर २०२४ ला नाव मिळालं, ७ ला ते कॅटेगरी ५ झालं आणि ९ च्या रात्री टॅम्पाच्या दक्षिणेला सिएस्टा की बेटाजवळ धडकलं. चार दिवस, बस. त्या चार दिवसांत पेट्रोल संपतं, हायवे तुंबतो, आणि ज्यांच्या गाडीत जागा असते त्यांच्या गाड्या भरून गेलेल्या असतात. म्हणून चौघींनी आत्ताच, आभाळ निरभ्र असताना, एखाद्या गाडीवाल्या सीनियरला स्पष्ट विचारा की आम्हाला नेशील का, किती जणी बसतील. संकोच करू नका, पेट्रोलचे पैसे वाटून घ्या. जमलं नाही तर काउंटीचं शेल्टर कुठलं आणि तिथवर बस जाते का ते बघून ठेवा. मिल्टनच्या वेळी उबरनं शेल्टरपर्यंत मोफत नेलं होतं, पण दरवेळी नेतील असं धरून चालू नका. आणि लांब पळायची गरज नसते गं, पाण्याच्या झोनमधून बाहेर पडलात की पुष्कळदा २०-३० किलोमीटरवरचं मैत्रिणीचं पक्कं घरसुद्धा पुरतं.

पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. कमीत कमी तीन दिवसांचं सांगतात, मी म्हणते आठवड्याचं ठेवा. बाथटब भरून ठेवा, फ्लशला कामी येतो. खायला चिवडा, खाकरे, दाण्याचे लाडू, पीनट बटर, आणि पातळ पोहे तर हवेतच, कांदा-लिंबू-दाणे घालून दडपे पोहे करायचे, शेगडी लागतच नाही. थोडी कॅश ठेवा, कार्ड मशीन बंद पडतात. औषधं, पॅड, पॉवर बँक, टॉर्च. मेणबत्ती नको. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात, गॅरेजमध्ये, बाल्कनीत अजिबात लावायचा नाही, त्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि वादळ सरल्यावर माणसं त्यानं जातात. मध्येच वारा एकदम पडला तर बाहेर येऊ नका, तो वादळाचा डोळा असू शकतो, मागची बाजू यायचीये. आणि वाहत्या पाण्यात पाऊल टाकू नका, सहा इंच पाणी मोठ्या माणसाला पाडतं आणि फूटभर पाण्यात छोटी गाडी वाहून जाते.

आता एफ-१. चार दिवस मैत्रिणीकडे राहिलीस तर तो पत्ता बदल होत नाही, पण अपार्टमेंट खराब होऊन खरंच दुसरीकडे राहायला गेलीस तर दहा दिवसांच्या आत युनिव्हर्सिटीला नवा पत्ता कळवायचा. क्लास युनिव्हर्सिटीनं स्वतः बंद किंवा ऑनलाइन केले तर तुझी चूक धरत नाहीत, तरी इंटरनॅशनल ऑफिसचे मेल रोज वाच आणि काही अडलं तर डीएसओला, म्हणजे युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी विचार. घाबरून कोर्स ड्रॉप करणं किंवा भारताचं तिकीट काढणं हे त्यांना विचारल्याशिवाय करू नको, वादळापेक्षा त्यानंच व्हिसाच्या स्टेटसची भानगड होते. पासपोर्ट, आय-२० (युनिव्हर्सिटीनं दिलेला व्हिसाचा फॉर्म), आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) ची प्रिंट झिपलॉकमध्ये घालून अंगाशी ठेव, स्कॅन घरी पाठव. पासपोर्ट गेलाच तर फ्लोरिडाचं काम अटलांटाच्या भारतीय कॉन्सुलेटकडे असतं. रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूच्या सामानाचा विमा, असेल तर बघ, पुराचं पाणी त्यात सहसा नसतं, आणि सरकारी फ्लड पॉलिसी घेतल्यावर साधारण ३० दिवसांनी लागू होते. सीझन ३० नोव्हेंबरपर्यंत आहे, त्यामुळे घ्यायची तर आत्ताच.

प्रश्न: आम्ही श्रीवर्धनचे. निसर्ग चक्रीवादळात आमची नारळी-पोफळीची वाडी आडवी झाली, महिना-दीड महिना लाइट नव्हती. लेक मायामीत शिकतो. बातम्यांत फ्लोरिडा दिसलं की छातीत धडधडतं. फोन लागला नाही तर काय करायचं?

उत्तर: वहिनी, ३ जून २०२० ज्यांनी बघितलाय त्यांना मी धीर धरा असं कुठल्या तोंडानं सांगू. फक्त फ्लोरिडा फार लांबलचक आहे, बातमीत राज्याचं नाव येतं, तुम्ही लेकाची काउंटी लिहून ठेवा, मायामी-डेड, आणि त्या नावाची बातमी आहे का ते बघा. फोन नाही लागला तरी साधा एसएमएस पुष्कळदा जातो, तर आत्ताच ठरवा की वादळात त्यानं रोज तुमच्या रात्री आठला, म्हणजे त्याच्या सकाळी साडेदहाला, एकच ओळ पाठवायची, आणि घरातल्या एकानंच त्याच्याशी बोलायचं, काका-मामा-आत्या सगळ्यांनी व्हिडिओ कॉल करून त्याची बॅटरी संपवायची नाही. त्याच्या रूममेटचा आणि गावाबाहेरच्या एका मित्राचा नंबर मागून घ्या. आणि आज फोन केलात की जेवलास का विचारून झाल्यावर विचारा, तुझा झोन कुठला आणि कुणाच्या गाडीतून निघणार. उत्तर द्यायला अडखळला तर फोन ठेवू नका, त्याच्याकडून तिथल्या तिथे ठरवून घ्या.