लघवी होतेय, तरी किडनी धोक्यात?

प्रश्न : आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. लघवी रोज होते, तरी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.१ वरून ३.४ वर गेलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांना ‘सूज’ आहे. सुजेची गोळी देऊ का?

उत्तर : मुळीच नको. ही सूज म्हणजे किडनीत तुंबलेली लघवी. कर्करोगाची गाठ मूत्रवाहिनी, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी, बाहेरून दाबते, वरचा दाब वाढतो आणि किडनीचं गाळणं मंदावतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवतात.

‘लघवी होतेय ना, मग थांबू’ यातच मौल्यवान दिवस जातात. अडथळा अर्धवट असेल तर लघवी भरपूर होते, कधी नेहमीपेक्षा जास्तही, कारण दाबाखालच्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही. एकच बाजू अडली तर दुसरी किडनी भार उचलते आणि क्रिएटिनिनही नॉर्मल दिसू शकतं. आईच्या तर दोन्ही बाजू अडल्यात. आजच युरोलॉजिस्टना दाखवा, पोटॅशियम तपासा; ते ६ च्या पुढे असेल तर लगेच ईसीजी हवा, कारण हृदयाचे ठोके बिघडतात. ‘आधी केमो, मग किडनी’ असं परस्पर ठरवू नका. अशा किडनीवर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध धोक्याचं आहे आणि अडथळा आठवडेच्या आठवडे राहिला तर गेलेलं काम पूर्ण परत येत नाही.

प्रश्न : भरपूर पाणी आणि काढा घेतला तर मार्ग मोकळा होईल?

उत्तर : नाही. ‘किडनी साफ करणाऱ्या’ बाटल्यांनी बाहेरून दाबलेली नळी उघडत नाही, ती विकणाऱ्यांना हे कळायला हवं.

प्रश्न : आतला डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) बरा की पाठीतून किडनीत घातलेली नळी?

उत्तर : स्टेंटला बाहेर लघवीची पिशवी लागत नाही, पण वाढत्या गाठीने तोही दाबला जातो, साधारण ३ ते ६ महिन्यांनी बदलावा लागतो. पाठीतली नळी, म्हणजे नेफ्रोस्टॉमी, सहसा जागा बधिर करून घालतात; रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. ती निसटली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, छिद्र लवकर बुजतं. निवड युरोलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञांनी मिळून करायची.

प्रश्न : नळी घातल्यावर एका दिवसात ५ लिटर लघवी झाली. चांगलंच ना?

उत्तर : अडथळा सुटला हे चांगलं. पण सलग २ तास ताशी २०० मिलीच्या वर किंवा दिवसाला ३ लिटरच्या वर लघवी झाली, तर सोडियम, पोटॅशियम, रक्तदाब आणि वजन पाहावंच लागतं. जेवढं गेलं तेवढं सगळं सलाईनने भरलं तर लघवी वाढतच राहते. म्हणून सहसा निम्म्याच्या आसपास भरतात. घरी जायची घाई करू नका.

प्रश्न : स्टेंट आहे आणि थंडी वाजून ताप आला. सकाळपर्यंत थांबू?

उत्तर : नाही, आत्ताच निघा.