भाड्याच्या भिंती आणि खोक्यातल्या तसबिरी

‘घर आपले नाही, मग भिंतीवर चित्रे कशाला लावायची?’ हा प्रश्न समुपदेशनासाठी येणाऱ्या भाडेकरू जोडप्यांकडून मला वरचेवर ऐकायला मिळतो. त्यांपैकी एका जोडप्याची हकिकत, ओळख पटेल असा तपशील वगळून, येथे देत आहे.

पत्नीची तक्रार अशी होती की, लग्नानंतर घर बदलले तरी तिच्या तसबिरी खोक्यातून बाहेर निघाल्या नाहीत आणि त्या उघड्या भिंतींमध्ये तिचा जीव रमत नाही. खिळा ठोकला तर घरमालक अनामत रकमेतून पैसे कापून घेईल, असे पतीचे म्हणणे होते. घरमालकाला कोणी विचारले आहे का, असे मी विचारले तेव्हा दोघेही गप्प झाले. करारनामादेखील सही केल्यापासून कोणी उघडलेला नव्हता.

राहत्या जागेशी जुळलेले नाते हा माणसाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचाच एक भाग असतो, असा विचार हॅरॉल्ड प्रोशान्स्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडला होता. तो लक्षात घेतला तर पत्नीची अस्वस्थता ‘हौस’ म्हणून बाजूला सारता येत नाही. मात्र न विचारता खिळे ठोका, असा सल्ला मी कधीच देत नाही. त्यांनी घरमालकाला लेखी विचारावे आणि भिंतींची आजची छायाचित्रे काढून ठेवावीत, असे मी सुचवले. दिवाणखान्यात खिळ्यांना परवानगी मिळाली. घर सोडताना भोके लांबीने (पुट्टीने) बुजवून द्यावीत, एवढीच अट होती. नुकताच रंग दिलेल्या शयनगृहासाठी मात्र नकार आला, तेव्हा रंग पूर्ण वाळल्यावर हलक्या चौकटी ओढून काढता येणाऱ्या चिकटपट्टीने लावायचे ठरले. (पट्टीवर लिहिलेली वजनाची मर्यादा पाळावी आणि ती काढताना भिंतीला समांतर, हळूहळू खाली ओढावी, नाहीतर रंगाचा पापुद्रा निघतो. भुकटी सुटणाऱ्या चुन्याच्या भिंतीवर ती टिकतच नाही.)

एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता, पण परवानगी मिळूनही खोके बंदच राहिले. मग मी पतीला विचारले, ‘तुम्हाला यांतले कोणते चित्र लावावेसे वाटते?’ बराच वेळ थांबून तो म्हणाला, ‘त्यात माझे काहीच नाही.’ सगळ्या तसबिरी पत्नीच्या लग्नाआधीच्या होत्या, आणि हे बोलणे संकुचितपणाचे दिसेल म्हणून तो इतके दिवस घरमालकाचे नाव पुढे करत होता. घरातल्या वादात असा गैरहजर तिसरा माणूस फार सोयीचा असतो, कारण तो उत्तर द्यायला समोर येत नाही. पत्नीला मात्र हे ऐकून राग आला, आणि तो मला रास्त वाटला. जे एका वाक्यात सांगता आले असते, त्यासाठी तिला उगाच ताटकळत ठेवले गेले होते.

त्यानंतर दिवाणखान्याची एक भिंत पतीने निवडलेल्या चित्रांसाठी मोकळी ठेवायचे ठरले आणि उरलेल्या भिंतींवर पत्नीच्या तसबिरी लागल्या. पुढच्या भेटींत तो विषय निघाला नाही. घरातले निर्णय कोण घेतो यावर दोघे आता उघडपणे भांडू लागले आहेत आणि त्यावर आमचे काम चालू आहे.