क्यूब काढून काढून कंटाळा आलाय म्हणालीस ना

अगं,

तुझा परवा रात्रीचा मेसेज वाचला, तीनदा वाचला, आणि लगेच उत्तर नाही दिलं कारण मोबाईलवर दोन ओळी टाकून भागणारं ते नव्हतंच. तू लिहिलंस, फाउंडेशनचं, म्हणजे आर्टच्या डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं, दुसरं सेमिस्टर चालू झालं तरी अजून क्यूब, सिलिंडर आणि ड्रेपरीच्या घड्याच काढतोय, वर्गातली अर्धी मुलं आयपॅडवर एकसे एक कामं टाकतायत आणि मी स्टीलचा तांब्या शेड करत बसलेय, ताई माझं चुकलं का, सोडून देऊ का. आणि शेवटी बाबांचं वाक्य, की निफाडहून रोज एसटीने नाशिकला जाऊन येऊन पोरगी चौकोनच काढणार असेल तर बीकॉम काय वाईट होतं.

सोडू नकोस. हे आधी सांगते, मग बाकीचं.

तू पाठवलेला तांब्याचा फोटो मी मोठा करून बघितला. शेडिंग छान आहे, हात स्वच्छ आहे तुझा, सीईटीच्या तयारीपासून आहे तो. पण तळ बघ. तांब्याचं तोंड तू व्यवस्थित लंबगोल काढलंयस आणि तळाची रेघ मात्र जवळजवळ सरळ ओढलीयस. का माहितीये? कारण तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे तुला माहीत आहे. डोळ्याला ते तसं दिसतच नव्हतं. तू स्टुलावर बसलेली, तांब्या तुझ्या नजरेच्या खाली, म्हणजे तोंड नजरेच्या जवळ आणि तळ लांब, आणि नजरेच्या जितकं खाली जाशील तितका गोल जास्त उघडा दिसतो. म्हणजे तळाचा गोल तोंडाच्या गोलापेक्षा जास्त फुगीर यायला हवा. तू माहीत असलेलं काढलंस, दिसलेलं नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांचं असंच होतं गं, आणि हे वर्ष त्यासाठीच असतं.

दुसरं बघ. तांब्याच्या पोटावर तू करड्या रंगाचं एकसारखं शेडिंग केलंयस, उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू. मातीचा माठ असता तर चाललं असतं. स्टील तसं वागत नाही. स्टीलवर एकदम काळी पट्टी आणि तिला चिकटून एकदम पांढरी, मध्ये काहीच नाही, खिडकी वाकडी होऊन पोटावर आलेली, आणि खाली लाल कापड असेल तर तळाशी लालसर उजेड. डोळे बारीक करून बघ, मग दिसेल. उद्या वर्गात गेलीस की तोच तांब्या परत काढ, यावेळी रबर लांब ठेवून.

आयपॅडवाल्या मुलांबद्दल माझं काही वाईट मत नाहीये, मी स्वतः रोज टॅबवर काम करते, पोट त्याच्यावरच चालतं माझं. पण फोटो खाली ठेवून वरून गिरवणं आणि बघून काढणं ह्यात फरक आहे आणि तो मला सेकंड इयरला कळला, तेही खूप लागल्यावर. तेव्हा लँडस्केपचं सबमिशन होतं, दहा कामं द्यायची होती. मी चार जागेवर बसून केली आणि उरलेली सहा घरी बसून फोटोवरून, रात्र जागून, फिनिश मस्त आलं होतं, मैत्रिणी म्हणाल्या हीच सहा वर ठेव. सरांनी दहाच्या दहा फरशीवर मांडली, बराच वेळ बघितली, आणि त्या सहांपैकी एकावर बोट ठेवून एवढंच विचारलं, इथे कमानीच्या खालच्या सावलीत काय होतं? मी काळा लावला होता. मला सांगता येईना. फोटोत तिथे काळं होतं म्हणून मी काळं केलं होतं. मार्क ठीकठाकच पडले, पण मार्कांचं जाऊ दे, मला रात्री झोप लागली नाही, कारण त्या कमानीखालून मी लहानपणापासून जातेय आणि तिथे काय असतं ते मला सांगता आलं नव्हतं.

कॅमेऱ्याला एका वेळी एकच उजेड धरता येतो, उन्हाला जुळवून घेतलं की सावली काळी होते, सावलीला जुळवलं की ऊन पांढरं होऊन उडून जातं. आता नवीन फोन दोन्ही सांभाळतात, पण मग सगळं सारख्याच जोराने दिसायला लागतं. आपला डोळा सावलीत शिरतो, थांबतो, तिथे सवय करून घेतो, मग तिथलं दाखवतो. ते थांबणंच कागदावर उतरतं.

मग मी पुढचा जवळजवळ महिनाभर सकाळी साडेसहाला गोदाघाटावर जाऊन बसायचे. नारोशंकराच्या देवळाच्या बाजूने, दुतोंड्या मारुती समोर दिसेल असं. पहिले चार दिवस काही म्हणजे काही आलं नाही. पोरं भोवती गोळा व्हायची, एक आजी रोज विचारायच्या देऊळ कधी पुरं होणार. पाचव्या की सहाव्या दिवशी पायऱ्या दिसल्या. वरच्या कोरड्या पायऱ्यांचा दगड तपकिरीकडे झुकणारा करडा आणि पाण्याजवळच्या ओल्या पायऱ्या निळसर काळ्या, दगड तोच. एका बाईने धुतलेलं पिवळं लुगडं पायरीवर पसरलं आणि बाजूच्या ओल्या दगडात पिवळा उजेड उतरला, तोही हिरवटच दिसत होता निळ्यात मिसळून. मी काळ्याची ट्यूब त्या दिवशी बंद केली. अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट सिएना, एवढ्या दोन रंगांत तो अख्खा घाट होतो, निळा जास्त घातला की ओला दगड, सिएना जास्त घातला की कोरडा. आणि जाडसर, 300 जीएसएमचा दाणेदार कागद असेल तर अल्ट्रामरिनचे कण त्या खाचांत जाऊन बसतात, वाळल्यावर दगडासारखाच खरखरीतपणा येतो, वेगळा काढावा लागत नाही. फक्त एकदा लावला की परत ब्रश फिरवायचा नाही. आणि हो, सावलीची हद्द आधी पेन्सिलने आखून टाक, कारण अर्ध्या तासात ती सरकते आणि तू तिच्या मागे पळत राहिलीस तर चित्रात दोन दोन सूर्य होतात. (ब्रशला टोक काढायला तोंडात घालायची सवय असेल तर आजपासून बंद. कॅडमियम असतं काही रंगांत.)

हे शिकायला आपल्याइतकं चांगलं गाव नाही, मनापासून सांगते. शिवाजी तुपेंसारखे चित्रकार ह्याच घाटावर आणि जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत बसून रंगवत आलेत, ती कामं कुठे बघायला मिळाली तर सोडू नकोस. काळारामाचं देऊळ काळं दिसतं ना, दुपारी चारनंतर जा आणि परत सांग काळं आहे का. पांडवलेण्यात जा. लेण्यांची तोंडं साधारण उत्तरेकडे आहेत, म्हणजे आत थेट ऊन फारसं येत नाही, दिवसभर एकसारखा मऊ उजेड, आणि चित्रकारांच्या स्टुडिओला उत्तरेची खिडकी का लागते ते तिथे एक दिवस बसलीस की कळेल. 3 नंबरच्या लेण्याच्या ओसरीखाली दगडी गण खांद्यावर अख्खं लेणं पेलून उभे आहेत, त्यांचे खांदे काढ. वजन आलेला खांदा कसा दिसतो ते आधी तिथे बघून ठेव, मग लाइफ ड्रॉइंगला मॉडेल समोर बसलं की हात अडखळणार नाही.

पेंटिंग की अप्लाइड, म्हणजे जाहिरात आणि डिझाइनची बाजू, हा तुझा दुसरा प्रश्न. तुझ्याकडे अजून वेळ आहे, फाउंडेशन संपल्यावरच ठरवायचंय, तरी तू रात्री त्याचाच विचार करत असतेस हे मला माहितीये. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. 1885 ला मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलला गेले, मग बडोद्याच्या कलाभवनात, मग फोटोग्राफी, नाटकाचे पडदे, छपाई, ब्लॉक बनवणं, सगळं करून झालं आणि 'राजा हरिश्चंद्र' आला 1913 ला, तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. ते जेजेत शिरले तेव्हा सिनेमा नावाची गोष्टच नव्हती. म्हणून म्हणते, ब्रँच निवडताना जन्माचं ठरवतेय असं समजू नकोस. एवढंच बघ की कुठल्या वर्गात तू वेळ विसरतेस. एकटीने आठवडाभर एकाच कॅनव्हाससमोर बसायला आवडत असेल तर पेंटिंग, दुसऱ्याचं म्हणणं समजून घेऊन ते मांडायला आवडत असेल तर अप्लाइड. मी अप्लाइड घेतलं आणि चित्रं काही सुटली नाहीत.

आता बाबांचं. ते चुकीचं विचारत नाहीयेत. ज्या माणसाने बागेवर गारा पडलेल्या बघितल्यात तो पोरीच्या पोटाचा विचार करणारच, त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना खरं सांग की डिग्री झाली की दुसऱ्या दिवशी पगार चालू होत नाही, पहिली दोन तीन वर्षं ओढाताण होते. माझी झाली. मग माझं पहिलं बऱ्यापैकी काम कुठलं होतं माहितीये, द्राक्षाची पेटी! पिंपळगावच्या बाजूचे एक बागायतदार, एक्स्पोर्टचा माल, पेटीवर नाव आणि घड पाहिजे. आधी कोणीतरी त्यांना कॉम्प्युटरवर फार सुंदर बारीक अक्षरांचं डिझाइन करून दिलं होतं आणि छापून आलं तेव्हा अक्षरं भरून गेली होती, कारण पुठ्ठ्याच्या पेटीवर शाई पसरते, बारीक रेघ जाड होते आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बुजते. मला हे कसं कळलं? फाउंडेशनच्या प्रिंटमेकिंगला लिनोकट केला होता, म्हणजे लिनोलियमवर कोरून काढलेला ठसा, त्यात माझी सगळी बारीक कोरीव रेघ शाईने बुजून गेली होती आणि मॅडमनी ती प्लेट परत कोरायला लावली होती. तेव्हा मला रडू आलं होतं. मी त्या पेटीसाठी दोन रंगांत, जाड रेघेत, मण्यांमध्ये भरपूर मोकळी जागा सोडून घड काढला आणि नीट छापून आला, आणि त्या सीझनला त्यांच्या ओळखीतल्या अजून तिघांनी फोन केला. बाबांना हे सांग. त्यांना पेटी कळते.

एआयचं पण तू लिहिलंयस, की आता सगळं मशीनच काढणार. बरीच कामं जातील, खोटं कशाला बोलू, माझीही काही गेली. पण गिऱ्हाइकाच्या समोर चार पर्याय ठेवल्यावर ह्या चारांत चूक कुठे आहे हे बघणारा डोळा लागतो, आणि तो तळाच्या गोलापासूनच तयार होतो. ह्याच्यापुढे मला ह्या विषयात काही म्हणायचं नाही, तू तांब्या काढ.

महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म वेळेत भर, तुझ्या वर्गातल्या दोघींचा राहिला म्हणत होतीस. हजेरी सांभाळ. महागडे ब्रश घेऊ नकोस, एक चांगला राउंड पुरे, पण कागदात काटकसर करू नकोस, खराब कागदावर चांगला हातही फुकट जातो. सरावाला न्यूजप्रिंटचे ताव घे, किलोवर मिळतात. सावानाची, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाची, मेंबर हो, 1840 पासूनचं वाचनालय आहे आपलं, कॉलेजच्या लायब्ररीत नाही मिळालं ते तिथे शोध. सेकंड इयरपासून कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात काम पाठव, निवड होवो न होवो, फ्रेम करून वेळेत पोचवायची शिस्त तरी लागते.

आणि महिन्यातून एकदा मुंबईला जात जा. सकाळची पंचवटी पकडायची, संध्याकाळी त्याच गाडीने परत. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, मंगळवारी नवीन शो लागतात आणि पुढच्या सोमवारपर्यंत असतात, म्हणजे प्रत्येक वेळी नवीन काहीतरी बघायला मिळणार. समोरच एनजीएमए, म्हणजे सरकारचं आधुनिक कलेचं संग्रहालय आहे, पण ते सोमवारी बंद, तेव्हा दिवस बघून जा. अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांचं चित्र मिळालं कुठे बघायला तर मोबाईल पिशवीत ठेवायचा आणि निदान दहा मिनिटं उभी राहा. स्क्रीनवर ते नुसता रंग वाटतो, समोर उभं राहिलं की रंगाच्या खाली रंग, त्याच्या खाली अजून काही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ तिथून पाय निघाला नाही.

ह्या रविवारी मी घाटावर आहे, साडेसहाला, नेहमीच्या जागी. 2027 च्या सिंहस्थाची कामं वाढली की निवांत बसायला जागा मिळेल न मिळेल, त्याच्या आधी त्या पायऱ्या नीट बघून घे. बाबा सोडायला येणार असतील तर त्यांनाही थांबव, चहा घेऊ, ती पेटी घेऊन येते मी. आणि तू तांब्याचा दुसरा कागद आण, खोडलेला असला तरी आण.

तुझी,
ताई